पहिल्या सिनेमातला आवाज

सुलभाने चौथ्यांदा टेप मागे फिरवली. व्हीसीआर कुरकुरला, पडद्यावरचा देखणा चिनी तरुण उलट्या पावलांनी डोंगर उतरला, आणि तिने बटण दाबताच पुन्हा चढू लागला. माथ्यावर पोचून त्याने दोन्ही हात पसरले आणि गायला सुरुवात केली. सुलभाने डोळे मिटून घेतले. तिला त्याचा चेहरा नकोच होता.

"हं, इथे. ऐकलंत?"

त्र्यंबकने ऐकलं नव्हतं. शनिवारची सकाळ होती, हातात पेपर होता, आणि आठवडाभर मोटारींच्या ब्रेकमध्ये डोकं घालून बसलेल्या माणसाला घरी कुणी काही ऐकायला लावू नये असं त्याचं साधं मत होतं.

"काय ऐकायचं?"

"श्वास. ओळीच्या मध्येच चोरून घेतलाय, कुणाला पत्ता लागू नये असा. हा तयारीचा गवई आहे. आणि आता ही कॅसेट ऐका. याच माणसाची, दहा वर्षांनंतरची."

तिने टेपरेकॉर्डर लावला. तसाच गोड, किंचित नाकातला आवाज. पण ओळ संपली की गाणारा चक्क जिना चढून आल्यासारखा श्वास घेत होता.

"दहा वर्षांत माणूस थकतो, सुलभा."

"गळा थकतो. श्वासाची जागा बदलत नाही. एकदा जिथे घ्यायला शिकलो तिथेच आयुष्यभर घेतो आपण. या पोरांना मी दर शनिवारी दुसरं काय शिकवते?"

पोरं म्हणजे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या मराठी घरांतली सात-आठ मुलं. दुपारी ती तिच्या बेसमेंटमध्ये हार्मोनियमभोवती बसत आणि इंग्रजीत कंटाळत.

"अगं, सिनेमात सगळे नुसते ओठच हलवतात. आपल्याकडे कोण गातं स्वतः?"

"आपल्याकडे. त्यांच्याकडे नाही. रेमंडनेच सांगितलंय, तिकडे ज्याचा चेहरा त्याचाच गळा. लोक याच्यावर आवाजासाठी जीव टाकायचे म्हणे." तिने टीव्ही बंद केला. "कुठेतरी पाणी मुरतंय."

रेमंड पून हा त्यांच्या मुलीचा, मृणालिनीचा मित्र. मित्र म्हणजे आता त्याच्याही पुढचं. दोघं ॲन आर्बरला एकत्र शिकली, आणि गेल्या महिन्यात मृणालने आईबाबांना समोर बसवून सांगितलं होतं की आम्हाला लग्न करायचंय. त्र्यंबकने चष्मा पुसला आणि होकार दिला. सुलभाने विचार करते म्हटलं. मृणाल आईला ओळखून होती. "तू हो म्हटल्याशिवाय आय वोन्ट डू इट," ती म्हणाली, आणि सगळं ओझं आईच्या डोक्यावर ठेवून मोकळी झाली.

मुलगा चिनी आहे याचं सुलभाला वाटायचं तेवढं वाईट वाटून झालं होतं. मुलगा गुणी होता, तिने केलेलं वरण पानात टाकत नव्हता. खटकला तो त्याचा बाप. मिस्टर पून हे एके काळचे हाँगकाँगचे गाजलेले गायक आणि नट. बत्तीस सिनेमे, शेकडो रेकॉर्डी. पुढे त्यांच्या कॅन्टनीज बोलीतल्या सिनेमांचे दिवस फिरले तसे ते अमेरिकेत मेव्हण्याकडे आले, आणि आता डेट्रॉइटबाहेर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. ही सगळी कहाणी रेमंड देवळातली आरती म्हणावी तशी म्हणत असे. भावी सासूने बघावं म्हणून बापाच्या पहिल्या सिनेमाची टेप आणि नंतरच्या गाण्यांच्या कॅसेटही त्यानेच मोठ्या हौसेने धाडल्या होत्या.

सुलभाच्या संशयाला कारण होतं, आणि ते तिच्या पोटात सत्तावीस वर्षं बसलेलं होतं. अठराव्या वर्षी मुंबईतल्या एका स्टुडिओत तिने मराठी सिनेमासाठी एक गाणं म्हटलं होतं. ठरलेल्या गायिका बाईंचा घसा धरला होता, सेट उभा होता, संगीतकार गयावया करत होते. एका दुपारचं काम. रेकॉर्ड निघाली ती बाईंच्या नावाने. गाणं असं काही गाजलं की बाईंनी पुढे ते मैफलीतसुद्धा म्हणायला घेतलं, आणि सुलभा मूग गिळून बसली. अमेरिकेत आल्यावर मंडळाच्या कार्यक्रमात एकदा कुणीतरी सांगितलं, सुलभाकाकू सिनेमात गायल्यात. कुठलं गाणं म्हणून विचारणा झाली. तिने सांगितलं. समोरच्या काकू गोड हसून म्हणाल्या, "अहो, ते तर बाईंचं आहे." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. त्र्यंबकचा तिच्यावर विश्वास होता, म्हणजे त्याने कधी वाद घातला नव्हता. मृणाल लहानपणी "रिअली, आई?" म्हणायची. त्या 'रिअली'चा सूर सुलभाला अजून टोचायचा.

तेव्हा दुसऱ्याचा गळा स्वतःच्या नावावर मिरवणारा माणूस आपला व्याही होणार, या विचाराने तिचं डोकं फिरलं होतं. ज्या घरात भिंतीवरच्या फोटोपासून मुलाच्या अभिमानापर्यंत सगळं एका खोट्यावर उभं आहे, त्या घरात आपली पोर द्यायची?

रविवारी पूनकडे जेवायला जायचं होतं. गाडीत तिने मृणालला सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं, पण पोटात राहिलं नाही.

मृणालने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "सो यू थिंक ही इज अ फ्रॉड."

"मी तसं म्हटलं नाही."

"आई, तू एक्झॅक्टली तेच म्हणालीस. रेमंडला त्याचे डॅड म्हणजे सगळं काही आहे. आणि तुला प्रॉब्लेम काय, तर ब्रीदिंग!"

त्र्यंबकने ड्राइव्ह करता करता रेडिओ लावला.

पूनांचं घर नीटनेटकं होतं. दारात चपला काढायच्या होत्या, एवढ्यानेच सुलभाला थोडं बरं वाटलं. मिसेस पून बुटक्या, हसऱ्या, सतत काहीतरी वाढणाऱ्या. सुलभासाठी त्यांनी मुद्दाम मशरूमचे आणि टोफूचे तीन प्रकार केले होते. मिस्टर पून छप्पन्न वर्षांचे, ताठ, केस मागे वळवलेले. जेवताना ते फार बोलले नाहीत. दर थोड्या वेळाने ते सुलभाकडे बघत, आणि तिने बघितलं की नजर काढून घेत. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

जेवणं झाल्यावर रेमंडने टेप लावलीच. तोच डोंगर, तेच गाणं. मिसेस पून सोबत गुणगुणू लागल्या आणि मृणालच्या कानात म्हणाल्या की या गाण्यासाठी मी हा सिनेमा नऊ वेळा पाहिला, मग यांच्याशी लग्न केलं. सगळे हसले. सुलभा मात्र पडद्याकडे बघत नव्हती. ती मिस्टर पूनांकडे बघत होती. ओळीच्या मध्यावर तो चोरटा श्वास आला, आणि मिस्टर पूनांनी मान खाली घातली. मग उठून संत्री कापायला आत गेले.

रिकामी ताटं उचलायचं निमित्त करून सुलभा त्यांच्यामागे गेली.

ते पाठमोरे उभे होते. तिने ताटं सिंकमध्ये ठेवली आणि आपल्या बेतशीर इंग्रजीत, आवाज खाली ठेवून म्हणाली, "पहिल्या सिनेमात तुम्ही गात नाही आहात."

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला ऐकू आलं. श्वास तुमचा नाही."

त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि स्वयंपाकघराचं दार हळूच लोटलं. आता हा माणूस चिडेल, हाकलून देईल, असं तिला वाटलं.

"माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी अडखळत, शब्द शोधत सांगितलं. पहिलाच सिनेमा होता. गाण्याच्या आठवडाभर आधी त्यांना ताप आला आणि घशातून रक्त पडलं. स्टुडिओ थांबायला तयार नव्हता. एका चहाच्या दुकानात संध्याकाळी गाणारा माणूस होता, त्याला पकडून आणलं. एका दुपारी तो सगळी गाणी गाऊन गेला. सिनेमा डोक्यावर घेतला लोकांनी.

"लोकांना तो आवाज हवा होता. मी चार महिने रोज ती रेकॉर्ड ऐकली, त्याच्यासारखं गायला शिकलो. पुढचे एकतीस सिनेमे मीच गायलो. शपथेवर. पण त्याच्यासारखा."

"श्वास सोडून."

"हो." ते थोडं हसले. "श्वास नाही जमला."

सुलभाने ऐकवायला तयार ठेवलेला राग कुठेतरी सांडला होता. नक्कल! बत्तीस सिनेमे, एवढं नाव, आणि हा माणूस जन्मभर चहाच्या दुकानातल्या एका माणसाची नक्कल करत आला.

"आणि तो?"

"पहिल्या खेळाला आला होता. बाहेर गर्दीत उभा होता. मी गाडीतून उतरलो, लोक ओरडत होते. तोही ओरडत होता, माझं नाव. पुन्हा दिसला नाही."

"त्याचं नाव काय?"

मिस्टर पूनांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांना कुणी विचारेल यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. त्यांनी नाव सांगितलं. तीन छोटी अक्षरं, तिन्हींची पट्टी वेगळी. तिने म्हणून पाहिलं. त्यांनी मान हलवून सुधारलं, पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या वेळी बरोबर आलं तेव्हा त्यांचे डोळे भरले.

"अठ्ठावीस वर्षांनी हे नाव माझ्या तोंडातून निघालं," ते म्हणाले.

सुलभाला एकदम खूप काही बोलावंसं वाटलं. बोलली एवढंच, "माझ्याही बाबतीत असंच झालं. मुंबईत."

"तुम्ही पडद्यावर होतात?"

"नाही. मी आवाज होते."

ते 'रिअली' म्हणाले नाहीत, कुठलं गाणं विचारलं नाही. हात जोडल्यासारखे समोर धरून कमरेतून वाकले, एखाद्या थोरल्या माणसाला करावा तसा नमस्कार. आजवर तिच्या गाण्याला इतका मान कुणी दिला नव्हता.

"तुम्हाला ऐकू आलंय," ते सरळ होत म्हणाले. "मला बोलायचं धैर्य नाही. बाहेर सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा." आणि संत्र्यांची बशी उचलून बाहेर गेले.

ती बाहेर आली तेव्हा टीव्ही बंद होता आणि कुणी हसत नव्हतं. मृणालचा चेहरा पडलेला. तिने रेमंडला सांगितलं होतं, हे न सांगताच कळत होतं.

"आंटी," रेमंड हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मृणाल म्हणते, गाणारे माझे डॅड नाहीत असं तुम्हाला वाटतं."

मिसेस पूनांच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. त्या नवऱ्याकडे बघायच्या ऐवजी सुलभाकडे बघत होत्या. नऊ वेळा सिनेमा पाहिलेली बाई. मृणालने ओठ घट्ट मिटून घेतले होते, लहानपणी इंजेक्शन घेताना मिटायची तसे. त्र्यंबकनेसुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच, ऐकायला कान दिला होता.

सुलभाने मिस्टर पूनांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि त्यांनी मान वर केली होती. घाबरलेले नव्हते. वाट बघत होते.

खरं सांगायला तिला दोनच वाक्यं लागली असती. पण त्या दोन वाक्यांनी मिसेस पूनांची नऊ तिकिटं फाटली असती, रेमंडचा बाप गेला असता, आणि हे कुणी केलं ते मृणाल मरेपर्यंत विसरली नसती.

"मघाशी नीट ऐकलं मी," सुलभा म्हणाली. "आमची टेपच जरा घासलेली होती. गाणारे तेच आहेत. चांगले तयारीचे आहेत."

रेमंडने टाळीच वाजवली. मिसेस पून मोठ्याने हसल्या आणि भराभर चहा ओतू लागल्या. मृणाल उठून आईला बिलगली. "थँक यू, आई," ती कानात म्हणाली. "आय वॉज सो स्केअर्ड." म्हणजे होकार दिला गेला होता, आणि तो सगळ्यांना कळलाही होता.

मिस्टर पूनांनी तिच्यापुढे संत्र्यांची बशी धरली. दोन्ही हातांनी, अगदी रीतीप्रमाणे. तिला वाटलं होतं त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल. पण तसं काही दिसलं नाही. ते सभ्यपणे हसले, जसं ते गेली अठ्ठावीस वर्षं सगळ्यांशी हसत आले असतील. मघाचा स्वयंपाकघरातला माणूस परत गेला होता, आणि त्याला तिनेच आत लोटून दार लावलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निदान एक तरी करावं, तिने ठरवलं. ते नाव आपण तरी जपून ठेवावं. घरी गेल्यागेल्या वहीत लिहावं.

फोड तोंडात टाकत तिने ते मनात म्हणून पाहिलं. पहिलं अक्षर वरच्या पट्टीतलं, दुसरं खाली उतरणारं, तिसरं मधल्या पट्टीत थांबलेलं. सूर अगदी चोख आठवत होते. अक्षरं मात्र काही केल्या जिभेवर येईनात. तिने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा केली. समोर मिस्टर पून त्र्यंबकला चष्म्याच्या नव्या काचांबद्दल काहीतरी समजावून सांगत होते, आणि आता त्यांना विचारण्याची सोय उरली नव्हती.