स्पिरिटचा बोळा

धाकटीला सकाळपासून घास गिळवत नव्हता. उबवणी यंत्रात बदकाची अंडी होती. मागच्या दोन्ही खेपा वाया गेल्यामुळे थोरल्या भाऊजींनी सांगूनच टाकलं होतं, की ही खेप गेली तर यंत्र विकायचं आणि खोली मोकळी करायची. यंत्राचा हट्ट तिचाच. जुन्या काट्याच्या मीटरला नाकं मुरडत नवा सेन्सर निवडला तोही तिनेच. जाळीची टोपी असलेला घे, म्हणजे आतल्या नाजूक भागाला काही लागणार नाही, असं थोरल्या जाऊबाई सांगत होत्या. पण हिला हवे होते मोठे, ठसठशीत आकडे.

ते ठसठशीत आकडे आता दमटपणा सत्तर टक्के दाखवत होते. पिल्लं बाहेर पडताना एवढाच ओलावा लागतो. शेजारचा जुना काटा मात्र पन्नासावर अडून बसला होता. एका अंड्याला आतून चोचीचा टवका पडला होता. पुढे काही हलत नव्हतं. हवा कोरडी असेल तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला जखडतो. पाणी वाढवावं आणि हवा आधीच ओली निघावी, तर पिल्लू कवचातच गुदमरतं.

जाऊबाई चष्मा पुसत आल्या. नव्या सेन्सरचं तापमान त्यांनी काचेच्या थर्मामीटरशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळलं, तसा धाकटीचा जीव भांड्यात पडला.

"बघा ताई, बरोबर दाखवतोय."

"तापमान बरोबर दाखवतोय. दमटपणा मोजणारा भाग वेगळा असतो."

मग त्यांनी दुसऱ्या थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि दोन्ही थर्मामीटर वरच्या भोकातून आत सोडले. हवा जितकी कोरडी, तितका फडक्यातला पारा खाली जाणार. सत्तर खरं असेल तर पाचेक अंशांचा फरक पडेल, असं त्या म्हणाल्या. दोघी पाऱ्याकडे बघत राहिल्या. पारा पाच अंश उतरला, थांबला नाही. नऊ अंशांवर टेकला तेव्हा धाकटीला जुन्या काट्याकडे बघवेना.

"याला काही लावलं होतंस का?"

घरात तिला 'फडकेबाई' म्हणत, ते उगाच नव्हे. अंडी ठेवण्याआधी तिने ट्रे पुसले, पंखा पुसला, आणि लाडका म्हणून सेन्सरही पुसला होता.

"स्पिरिटच्या बोळ्याने," ती कशीबशी म्हणाली. "दोनदा."

"स्पिरिटने दमटपणा मोजणारा भाग बिघडतो, मग तो आकडा चढाच दाखवतो," जाऊबाई म्हणाल्या. टोपीचं मात्र त्यांनी नावही काढलं नाही, आणि तेच धाकटीला जास्त लागलं. दोघींनी ट्रेमध्ये कोमट पाणी ओतलं, ओले स्पंज ठेवले. जुना काटा रडतखडत साठावर आला, मग सत्तरावर. दुपारी एक कवच फुटलं, पाठोपाठ दुसरं. संध्याकाळपर्यंत आत नुसता कलकलाट झाला. भाऊजी दारातून डोकावले आणि यंत्राचा विषय न काढताच परत गेले.

पहिलं अंडं मात्र तसंच होतं. धाकटीने ते तळहातावर घेतलं. टवक्याच्या कडेचा पापुद्रा कागदासारखा कडक झाला होता, आत काहीच हलत नव्हतं. सवयीने तिचं बोट पुसायला पुढे गेलं आणि तिथेच थांबलं.

"या अंड्याने कधीपासून सांगितलं होतं, ताई," ती म्हणाली. "मी आकडे वाचत बसले."