आधी हवा काढा

वीस वर्षं जुन्या फोर-व्हील ड्राइव्हवर भाऊजींचा भारी जीव. "गाडी बिघडायच्या आधीच दुरुस्त करावी," हे ते येताजाता ऐकवायचे. म्हणूनच सहलीच्या सकाळी त्यांनी चांगल्या चालत्या गाडीचा डिझेल फिल्टर स्वतःच्या हातांनी बदलला. त्यानंतर गाडी सुरू होईना.

बायको मागच्या सीटवर सामानासकट तासभर बसून होती. तिची धाकटी बहीण गॅरेज चालवायची. शेवटी भाऊजींनी नाइलाजाने मेव्हणीला फोन लावला.

"फिल्टर बदललात ना भाऊजी? मग आधी हवा काढा," ती घाईत म्हणाली. "सगळी काढा, जराही ठेवू नका. मी आलेच."

भाऊजींना काही ते पटलं नाही, पण मेव्हणीपुढे अडाणी कोण ठरणार? ते कामाला लागले.

मेव्हणी आली तेव्हा गाडी अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी खाली बसली होती. चारही टायर सपाट.

"अहो, डिझेलच्या नळीतली हवा म्हणत होते मी."

"मग तसं सांगायचं," भाऊजी गुरगुरले. "मी स्टेपनीचीसुद्धा काढली."

हसून हसून मेव्हणीला हातात पाना धरवेना. कसाबसा तिने फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप दाबला. बुडबुडे निघून गेले आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

"आता कुठे हवा राहिली नाही ना?" तिने डोळे पुसत विचारलं.

"नाही गं," मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "यांच्या डोक्यात होती तीही गेली."