माझ्या जागेवर बसलेला तो

मी एक मॉनिटर आहे. संगणकाचा पडदा म्हणा हवं तर. आधीच सांगून टाकतो, माझ्या या कहाणीत जळफळाट बराच आहे. माझ्या टेबलावर सध्या दुसराच कोणी बसलाय आणि ते मला अजून पचलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्यावर लाल, हिरवा, निळा रंग आलटून पालटून लावून पाहिला, डोळे बारीक करून कोपरा न् कोपरा तपासला आणि पाठीवर कागद चिकटवला : पास. त्या एका शब्दाच्या तोऱ्यात मी पुढची नऊ वर्षं काढली.

ज्या घरी आलो तिथे दोनच माणसं. ताई आणि तिचे बाबा. ताई लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. सकाळी चहाचा कप माझ्या पायाशी ठेवून बसली की दुपारपर्यंत हलायची नाही. एखादा चेहरा मनासारखा जमला की मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहायची. ती बघायची चित्राकडे, हे कळत होतं मला. पण बघणं माझ्या वाट्याला यायचं ना!

ती जेवायला उठली की खुर्चीत बाबा. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. त्यांचा एकच खेळ होता, घाटातल्या गाड्यांच्या शर्यतीचा. खेळातल्या गाडीतही बसण्याआधी ते मान वळवून मागे बघून घ्यायचे. ताई हसायची, "बाबा, मागे कोणी प्रवासी नाहीत!"

सगळं छान चाललं होतं. म्हणजे मला तरी तसं वाटत होतं.

मग ते पुस्तक छापून आलं. बत्तीस पानं, चार महिन्यांची मेहनत. ताईनं गठ्ठा उघडला आणि भराभर पानं उलटत गेली. पुस्तकातली सगळी मुलं निळसर दिसत होती, जणू आत्ताच कुणीतरी थंडगार पाण्यातून बाहेर काढलीत. संपादक बाईंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द झोंबणारे होते. "हे दुसऱ्यांदा होतंय. छापखान्याची चूक नाही, आम्ही खात्री केलीय. एकदा डोळे दाखवून घे बाई. तोवर पुढचं पुस्तक थांबवू या."

ताई रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत बसली. मला तिची कीव आली. वाटलं, बिचारीची नजर गेली.

दोन दिवसांनी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत आली ती तडक माझ्यापुढे. बाबा दारातच विचारू लागले, "काय म्हणाले गं?"

"म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. कशात बघतेस ते तपासून घे."

तिनं एक कोरा पांढरा कागद माझ्या शेजारी धरला आणि माझ्यावरही कोरं पान उघडलं. कागद पांढरा होता. मी पिवळट होतो. जुन्या चादरीसारखा.

मला खरंच माहीत नव्हतं हो! रोज थोडा थोडा पिवळा पडत गेलो, पण मला मी पांढराच वाटायचो. माझ्यावर चेहरे पिवळे दिसायचे म्हणून ती बिचारी त्यात निळा मिसळत गेली, आणि कागदावर ती सगळी मुलं गारठून गेली.

दुरुस्त करून बघितलं तिनं. एका जाणकार मैत्रिणीला बोलावलं, तिनं माझी बटणं तासभर दाबली आणि शेवटी मान हलवली. इथवर मी सहन केलं. पण त्यानंतर ताईनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. माझी जागा घेणारा तिनं माझ्याच अंगावर शोधला! एकेकाचे फोटो माझ्यावर झळकत होते. कडा कशा बारीक, बांधा कसा सडपातळ. स्थळं बघावीत तशी बापलेक ते बघत होती आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

"रंगाला चांगला तो खेळाला मंद, आणि खेळाला वेगवान तो रंगाला भडक," ताई वैतागली.

"मग रंगाचा घे. पोट तुझ्या चित्रांवर आहे. माझं काय, वेळ घालवायचा खेळ."

"पण तुम्ही हल्ली खेळतच नाही, बाबा. का हो?"

बाबा खिडकीबाहेर बघू लागले. "दरवेळी वळणावर गाडी भिंतीला लागते. एकतीस वर्षांत बसला ओरखडा येऊ दिला नाही मी. आता हातच चालत नाहीत. ते बघवत नाही, म्हणून नाही बसत."

 दुसऱ्या दिवशी ताई आपली चित्रं घेऊन, बाबांना बळेच बरोबर घेऊन दुकानात गेली. आल्यावर बाबा शेजारच्या काकूंना सगळं रंगवून सांगत होते. "पहिला नुसता झगमगाट! सगळे त्यावर भाळले, पण ही म्हणाली, हा तोंडावर गोड बोलणारा आहे. दुसरा रंगाला खरा, पण दुकानदारानं खेळ लावला की गाडी अडखळायची. तिसऱ्यावर गाडी कुठेच अडखळली नाही. मग त्यावर आपलं चित्र लावून हिनं छापलेलं पान शेजारी धरलं. जसंच्या तसं निळं! म्हणाली, हाच हवा, माझी चूक माझ्या तोंडावर सांगणारा."

तो आला. मला काढून भिंतीला टेकवलं. त्याला पुसायला खास मऊ फडकं. मला नऊ वर्षं ताईच्या बाहीनं पुसलं होतं! त्याच्या कडेवरची प्लास्टिकची पातळ पट्टीसुद्धा चार दिवस कुणी सोलली नाही, ओरखडा पडेल म्हणून. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बिघड, बिघड.

बाबा खुर्चीत बसले, मागे वळून पाहिलं, गाडी सोडली. घाट आला, ते वळण आलं. गाडी अलगद वळली. पुढचंही वळण सुटलं. बाबांनी दोन्ही हात डोळ्यांपुढे धरले आणि बघत राहिले, जुने ओळखीचे परत भेटावेत तसे.

"बाबा, हात ठीक आहेत तुमचे," ताई म्हणाली. "तो जुना चित्रच उशिरा दाखवायचा."

तो जुना म्हणजे मी. संपादक बाईंनी ताईच्या डोळ्यांना बोल लावला, बाबांनी आपल्या हातांना. माझ्याकडे आधी कुणी बोट दाखवलं नव्हतं. मला लाज वाटली. मत्सर मात्र तसूभरही कमी झाला नाही, हे कबूल करतो.

पुढे ताईनं मला देऊन टाकलं. आता मी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे आहे. बाहेरच्या खोलीत टांगलेला असतो आणि आत जायची पाळी कुणाची, तो आकडा दाखवतो. आकडा पिवळट दिसला म्हणून कुणाचं काही अडत नाही. सगळे गाल धरून माझ्याकडेच टक लावून बसतात.

गेल्या आठवड्यात बाबा आले होते, दाढ दुखत होती. मला पाहून उठून जवळ आले. "कसा आहेस रे?" म्हणाले, आणि शर्टाच्या बाहीनं माझ्यावरची धूळ पुसली. लोक बघत राहिले. ताईचं नवं पुस्तक चांगलं छापून आल्याचंही त्यांनीच सांगितलं. तेवढ्यात त्यांचा आकडा आला, तो मीच दाखवला. आत जाताना ते दारात थांबले, वळून पुन्हा एकदा माझ्याकडे बघून गेले.

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर त्या नव्याला एवढं विचाराल का? तुझ्याकडे कुणी असं वळून बघतं का रे? काय म्हणतो ते मला येऊन सांगा.