कोट मोबाईलला

काष्टीच्या बाजाराच्या दिवशी फक्रुद्दीनभाईच्या पंक्चरच्या दुकानापुढं मेंढीकोटाचा डाव बसतो. दहाचं पान म्हणजे मेंढी. एका जोडीनं चारही मेंढ्या ओढल्या की दुसरीला कोट चढला. आणि इथं तो खरोखरच चढतो. फक्रुद्दीनभाईचा लग्नातला लोकरी कोट अंगात घालायचा आणि भर उन्हात शेळ्यांच्या बाजारातून चक्कर मारून यायची.

हर्षलला महिन्यात दोनदा चढला. दुसऱ्या खेपेला एका व्यापाऱ्यानं बाही धरून विचारलं, "कितीला द्यायचा?" कोट का हर्षल, ते काय कळलं न्हाई. त्याच दिवशी हर्षलनं जाहीर केलं, "आता पत्ते बंद. मोबाईलवर खेळायचं, आपापल्या घरून. तिथं खुना चालत न्हाईत."

सत्यवानमामाला हे झोंबलं. वीस वर्षं तो नि फक्रुद्दीनभाई भिडू. कान खाजवला की बदाम, नाक ओढलं की इस्पिक. अख्ख्या बाजाराला ठाऊक, तरी कोणाला पकडता आलं न्हाई.

"एक डाव तुझ्या मोबाईलवर," मामा म्हणाला. "पन हितंच बसून. आमी हरलो तर पत्ते चुलीत. तुमी हरला तर कोट चढवायचा, आन् खेळ ह्याच ओट्यावर."

"लावली!"

मामानं पोरीचा, एंजलचा, मोबाईल मागून आणला. हर्षलचा भिडू ओम. चौघं चार पडद्यांत माना घालून बसले. तीन मेंढ्या मामाकडं आल्या. उरली बदामाची, ती ओमकडं. मामानं बदामाची दुर्री टाकली, हर्षलनं राणी, फक्रुद्दीनभाईनं एक्का. आता ओमनं बारकं पान टाकलं की मेंढी वाचली.

मामानं कान खाजवला न्हाई. खिशातल्या बटनाच्या फोनवर दोनचं बटन दाबून धरलं.

ओमचा मोबाईल वाजायला लागला. खेळ झाकला गेला. "आरं, मामा, तुमचाच फोन!" म्हणत त्यानं तो कापेस्तोवर वेळ संपली, आणि त्याच्या वतीनं मशीननं पान टाकलं. बदामाची मेंढी.

"चीटिंग!" हर्षल उठलाच.

"खून हुती ती. तुझ्या मोबाईलवर चालती की."

"पन मी टाकलंच न्हाई पान!" ओम रडकुंडीला आला.

"खरंय," फक्रुद्दीनभाई शांतपणे म्हणाला. "मशीननं टाकलं. मग कोट मशीनलाच."

मामानं कोट दुकानातल्या हवा भरायच्या टाकीवर चढवला आणि हात पुढं केला. "आना मोबाईल. बाजार उठंस्तोवर खिशात."

"मामा, माझी कामं हायती!" हर्षल म्हणाला.

"शब्द दिलाय का न्हाई?"

दिलाच होता. एकेक करून चारही मोबाईल कोटाच्या खिशांत गेले. मामानं पत्ते पिसले.

पहिल्या दोन हातांत हर्षल तीनदा कोटाकडं वळला. मग इस्पिकची मेंढी त्याच्या हाती आली आणि तो सावध झाला. मामाचं नाक, भाईचा कान, दोघांवर डोळे रोखून बसला.

कोट थरथरायला लागला, वाजायला लागला.

"हर्षल, तुझा हाय वाटतं," ओम म्हणाला.

"वाजू दे. मामा, नाकावरचा हात काढा आधी!"

मामानं हात काढला. आणि जोरात खोकला.