चकचकीत टायर

मी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, आणि माझा रंग कोणता हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. तो सांगता येऊ नये म्हणूनच तर मला निवडलं होतं. धड राखाडी नाही, धड बदामी नाही, भिजलेल्या पुठ्ठ्याचा असतो तसा काहीतरी. कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेल्या बहिणी लाल, निळ्या होत्या, त्या हौशी लोकांच्या दारात गेल्या. मी पोलिसांत लागले. अंगावर पट्टा नाही, डोक्यावर दिवा नाही, दारावर अक्षर नाही. माझं काम एकच, कुणाच्या नजरेत न भरणं.

खोटं कशाला सांगू, त्या कामात माझा हात धरणारी कुणी नव्हती. एकदा एक कबुतर माझ्या टपावर पेंगत बसलं होतं. मी निघाले तेव्हा खाली गाडी होती हे पहिल्यांदा त्याच्या ध्यानात आलं. एकदा चोराच्या मागावर असताना मी भर चौकात बंद पडले, तर तो चोरच गाडीतून उतरून मला धक्का मारायला आला. "काका, दुसऱ्या गिअरमध्ये टाका," म्हणाला. मी सुरू झाले आणि त्यालाच मागच्या सीटवर बसवून आम्ही चौकीत नेलं. त्या दिवशी मोठ्या साहेबांनी माझं बॉनेट थोपटलं होतं.

त्यातले काका म्हणजे आमचे जुने जमादार. धरलं की सोडत नाहीत म्हणून सगळे त्यांना घोरपड म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. आणि एरवी स्टिअरिंगवर आमची पोलीस बाई. बाई घोरपडीच्या लेकीच्या वयाची. दोघं साध्या कपड्यांत बसायची आणि काच वर की खाली यावरून दिवसभर बापलेकीसारखी भांडायची.

सगळं सुरळीत होतं. पण आमच्या गॅरेजचा एक नियम होता, त्याने माझा घात केला. दर सोमवारी सगळ्या गाड्या धुवायच्या. सगळ्या म्हणजे सगळ्या. गाड्या धुणारे मामा इतक्या मायेने धुवायचे की वर टायरांना काळं पॉलिशही चोपडायचे. बाई हात जोडायची. "मामा, हिला सोडा हो. ही धूळ मी किती कष्टाने जमवलीय."

"माझ्या हातून मळकी गाडी बाहेर गेली तर साहेबांना उत्तर कोण देणार, तुम्ही?"

"हो, मी देते."

"मग आधी साहेबांचं तसं पत्र आणा." आणि पाण्याची नळी माझ्यावर.

आता बघा, दाराला पोचा, आतली सीट उसवलेली, आणि टायर आरशासारखे. फाटक्या सदऱ्याखाली कोरे करकरीत बूट घालून कुणी लपतं का?

हे ओळखलं आप्पांनी. आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. एकदा ते गाडी भरधाव हाकत निघाले असताना आम्ही त्यांना अडवलं होतं, तेही व्याह्यांच्या देखत. तो अपमान त्यांना पचला नाही. त्यांनी मोबाइलवर ग्रुप काढला, नाव ठेवलं 'सावध वाहनचालक'. साध्या वेशातली पोलिसगाडी दिसली की काढ फोटो आणि टाक ग्रुपवर. बघता बघता अख्खं शहर त्यात शिरलं. आणि आप्पा सगळ्यांना शिकवायचे, "नंबर पाहू नका, टायर पाहा. इतका धुतलेला खटारा सरकारचाच असणार."

आमच्या लोकांनी माझा नंबर बदलला. आप्पांनी टायर ओळखले. मागच्या काचेवर 'गाडीत बाळ आहे' अशी पाटी लावली, लहान मुलांची खुर्चीही बसवली. दुसऱ्याच दिवशी फोटो झळकला आणि खाली कुणीतरी लिहिलं, 'बाळाला मिशा फुटल्यात.' घोरपड मागे बसले होते ना. त्यांनी तो फोटो स्वतःच्या बायकोला दाखवला आणि दोन दिवस गाल फुगवून बसले. मला विचाराल तर माझा राग त्या मिशांच्या थट्टेचा नव्हता. ज्या भल्या माणसांसाठी मी उन्हात तापत उभी राहायची, तीच टाळ्या पिटत माझ्याकडे बोट दाखवत होती. सांगायचं कुणाला? हॉर्नशिवाय मला तोंड नाही, आणि तोही वाजवायची बंदी.

मग एक दिवस आमची नेमणूक एका गल्लीत झाली. तिथल्या एका घरात तळमजल्यावर एक शिवणकाम करणारी तरुणी राहायची, सगळे तिला ताई म्हणत. वर तिचे वडील. ताईने नवऱ्याला सोडलं होतं, आणि तो जिवावर उठला होता. त्याने तिच्या आसपास फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता. पट्ट्याची गाडी दारात दिसली की तो वळून जायचा, ती हलली की पुन्हा हजर. म्हणून मी. तो मला न ओळखता समोरून यावा आणि दाराशीच सापडावा, असा बेत.

ताईने बाईला एकच विनंती केली होती. "बाबांना कळू देऊ नका. त्यांचं ब्लडप्रेशर आहे."

आणि हे बाबा म्हणजे, मित्रांनो, आमचे आप्पा.

दुपारची वेळ. मी झाडाखाली उभी. वार सोमवार, म्हणजे मी नुकतीच न्हाऊन आलेली. खिडकीतून शिवणयंत्राचा आवाज येत होता. बाई डोळे मिटून तो ऐकत होती. "मशीन चालू आहे तोवर ताई ठीक आहे," ती म्हणाली.

"काच खाली घे," घोरपड म्हणाले.

इतक्यात वरच्या गॅलरीत आप्पा आले. त्यांनी मला पाहिलं. माझे टायर पाहिले. त्यांचा चेहरा असा खुलला की जणू नातवंड दिसलं. खिशातून मोबाइल निघाला. मी मनात म्हटलं, आप्पा, नको. तुमच्याच लेकीसाठी उभी आहे मी. पण गाडीच्या मनातलं ऐकतो कोण? फोटो गेला. खाली मजकूर, 'आमच्याच गल्लीत, आमच्याच घरासमोर. सावध राहा मंडळी.'

जावयाला त्या ग्रुपमध्ये आप्पांनीच घेतलं होतं, लग्न ठरलं तेव्हा, मोठ्या कौतुकाने. संसार मोडला, घरातले फोटो उतरले, पण ग्रुपमधून त्याचं नाव काढायचं आप्पांच्या डोक्यात आलंच नाही.

तो समोरून आला नाही. मागच्या गल्लीतून भिंत चढून आला.

वर आप्पांच्या मोबाइलवर शाबासक्या टिंगटिंगत होत्या. खाली मशीन थांबलं. शिवण संपल्यावर थांबतं तसं नाही, मध्येच, अर्ध्या टाक्यावर. बाईने डोळे उघडले आणि दार उघडं टाकून धावली. तिच्या मागे घोरपड, त्या वयात, त्या गुडघ्यांनी. त्यांनी त्याला धरलं, आणि घोरपडीने धरलं म्हणजे पुढचं सांगायला नको. ताईचा जीव वाचला. पण तेवढ्या वेळात त्याने तिचा उजवा हात पिरगाळून मोडला होता, कात्री धरायचा हात.

घोरपड त्याला दाबून तिथेच बसले. ताईला माझ्यात घातलं, शेजारी आप्पा. बाईने सीटखालचं बटण दाबलं आणि माझ्या पोटात लपवलेला भोंगा त्या गल्लीत पहिल्यांदा वाजला. आता लपायचं उरलं होतं काय?

"तो मागून कसा आला?" बाई आरशात पाहत म्हणाली. "त्याला कळलं कसं आम्ही पुढे आहोत ते?"

आप्पांच्या खिशात अजून टिंगटिंग चालू होतं.

"बाबा, मोबाइल बघा ना," ताई कण्हत म्हणाली. "कुणाचं तरी महत्त्वाचं असेल."

हॉस्पिटलात ताईला आत नेलं तेव्हा आप्पा बाहेर आले. दारातल्या कुंडीतली मूठभर माती उपसली, माझ्या चाकापाशी उकिडवे बसले आणि ती टायरांना फासू लागले. एक झालं की दुसरं. बाई बाहेर आली.

"आप्पा, उठा. आता काय उपयोग."

"माहीत आहे," आप्पा म्हणाले, आणि तिसऱ्या चाकाकडे सरकले.

आता माझ्या दारांवर ठसठशीत 'पोलीस' लिहिलंय, आणि मी या ऑफिसातून त्या ऑफिसात टपाल वाहते. अख्ख्या शहराला तोंडपाठ झालेल्या गाडीला दुसरं काम कोण देणार? सोमवारी मामा धुतात, आणि आता कुणी त्यांना अडवत नाही.

मित्रांनो, माझं राहू द्या. पण माझ्या जागी आलेली बहीण कुठल्या तरी गल्लीत झाडाखाली उभी आहे. तिचा रंग मी सांगणार नाही. ती दिसली, ओळखू आली, तर हात खिशाकडे नेऊ नका. तिच्यासमोरच्या घराकडे एकदा पाहा, आणि आपल्या वाटेने जा. आणि तिचे टायर फारच चकाकत असतील, तर जाता जाता पायाने थोडी धूळ उडवा.