बाई नसलेली खोली

रामहरीचं पहिलं स्थळ मोडलं ते त्याच्या खोलीमुळे. खोली घाण होती म्हणून नव्हे, ती फार स्वच्छ होती म्हणून.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. रामहरी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या एका कारखान्यात कार्डं पाडायचं काम करत होता. चादरीवर जो मोर दिसतो तो आधी चौकटीच्या कागदावर काढतात आणि मग पुठ्ठ्याच्या शेकडो पट्ट्यांना त्याप्रमाणे भोकं पाडतात. मागावर त्या पट्ट्या फिरत गेल्या की कापडात मोर उमटत जातो. एक भोक चुकलं तर त्या दिवशीच्या सगळ्या मोरांची मान वाकडी निघते. नऊ वर्षं हे काम केल्यावर रामहरीच्या डोळ्यांना वाकडं म्हणून काही सहन होईनासं झालं होतं. हॉटेलात समोरच्या माणसाचा कप बशीत नीट बसलेला नसला तर तो हात लांब करून सरळ करायचा. समोरचा माणूस अनोळखी असला तरी करायचा.

साखर पेठेत ईरम्मा नावाच्या एका म्हातारीच्या घरामागे त्याची खोली होती. दहा बाय बारा, एक दार, एक खिडकी आणि कोपऱ्यात मोरी. आधीच्या भाडेकरूनं भिंतींवर तेलाचे डाग आणि आढ्याला जळमटं मागे ठेवली होती. रामहरीनं सलग चार रविवार खर्ची घातले. पहिल्या रविवारी भिंती खरवडल्या. दुसऱ्या रविवारी चुन्यात थोडी नीळ घालून दोन हात दिले. तिसऱ्या रविवारी शहाबादी फरशीच्या सांध्यांतला काळा मळ खिळ्यानं उकरून काढला. चौथ्या रविवारी काहीच केलं नाही. जमिनीवर मांडी घालून चारी भिंतींकडे बघत बसला.

मग सामान आलं. जुन्या बाजारातून लोखंडी कॉट आणून त्यानं ती हिरव्या रंगानं रंगवली. कारखान्यात खोट निघालेल्या चादरी कामगारांना स्वस्तात मिळायच्या, त्यातल्या दोन चादरींचे काठ काढून त्यानं खिडकीला पडदा शिवला. उशीच्या अभ्र्यावर दोऱ्यानं वेल भरली. फळीवर वर्तमानपत्र अंथरून त्याच्या कडेला कात्रीनं महिरप कापली. पितळी तांब्या रोज चिंच लावून घासायचा. सकाळी दारापुढे पाणी शिंपडून चार ठिपक्यांची रांगोळी काढायचा. अगदीच उशीर झाला असला तर दोन रेघांवर भागवायचा.

त्या साली होटगीचं स्थळ आलं. मुलीची आत्या, गोजाबाई, खोली बघायला आली. तिनं पडदा बघितला, फळी बघितली, तांब्यात आपलं तोंड बघितलं. चहा आला तो एकाच नक्षीच्या कपबशांतून. चहा पिऊन झाल्यावर तिनं उशीचा अभ्रा उलटा करून मागच्या बाजूचे टाके तपासले, आणि तिचा चेहरा बदलला. हात धुवायच्या निमित्तानं ती बाहेर गेली आणि ईरम्माला हळूच विचारलं, की ह्या खोलीतलं कामधाम कोण बघतं.

ईरम्माची बोली कानडी. मराठी कामापुरतं यायचं. पण आपल्या भाडेकरूविषयी चार चांगले शब्द बोलावेत असं तिला मनापासून वाटलं. ती म्हणाली, “छलो हुडुगा, चांगला पोरगा. खोलीत लक्ष्मी हाय की, बाई. सदा लक्ष्मी.”

गोजाबाई आत आली ती पिशवी उचलूनच निघाली. चौथ्या दिवशी निरोप आला, की मुलगा कामाचा आहे, पण त्या लक्ष्मीला आधी तिच्या घरी पोचवा आणि मग आमच्याकडे या.

ही लक्ष्मी कोण हे रामहरीला दोन दिवस कळेना. ईरम्माला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला, आणि पुढचा आठवडाभर ती त्याला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवत राहिली.

तोवर बातमी गावाकडे पोचली. रामहरीची आई बजाबाई मंद्रुपजवळच्या वस्तीवर राहायची. तिनं पहिली एसटी पकडली. दारात आली ती पाणीसुद्धा न पिता पडद्यामागे बघून, मोरीत डोकावून, पदर खोचून कॉटखाली वाकली. कॉटखाली दोन ट्रंका होत्या, दोन्ही भिंतीपासून सारख्याच अंतरावर. बाई नव्हती.

मग तिनं उशी उचलली आणि हे कुणी भरलंय ते विचारलं. रामहरी म्हणाला, मी. तिला ते खरं वाटलं नाही. रामहरीनं सुईदोरा काढला आणि अर्धवट राहिलेलं एक पान तिच्या पुढ्यात भरून दाखवलं. बजाबाई बघत राहिली. नवरा गेला तेव्हा रामहरी अकरा वर्षांचा होता. ती रोज दुसऱ्याच्या रानात जायची आणि धाकटी दोन पोरं, चूल, सारवण, फाटकं-तुटकं सगळं ह्याच्याकडे असायचं. हे बाहेर कुणाला सांगू नको, लोक हसतील, असं तिनंच त्याला बजावलं होतं. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण सोडूनही दिलं नव्हतं.

 पान पुरं झाल्यावर ती म्हणाली, “लई बारीक टाका हाय तुजा. मला न्हाय येत असा.”

ती दोन दिवस राहिली. त्या दोन दिवसांत रामहरीनं तिला एक भांडं विसळू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती कंटाळून निघून गेली.

दुसरं स्थळ तिप्पण्णानं आणलं. तिप्पण्णा कारखान्यात माग दुरुस्त करायचा. चार मुलांचा बाप होता आणि लग्न ह्या विषयात आपल्याला सगळं कळतं असं त्याचं मत होतं. वळसंगच्या हिंदुरावांची मुलगी येसू मॅट्रिक झालेली होती, गावातल्या बालवाडीत शिकवत होती. रविवारी हिंदुराव आणि त्यांची बहीण मुक्ताबाई खोली बघायला येणार होते. तिप्पण्णानं रामहरीला समजावलं, की बाईमाणसाला खोलीत पाऊल टाकताच वाटलं पाहिजे, आपण आल्याशिवाय ह्या माणसाचं काही खरं नाही. तसं वाटलं नाही म्हणून तर होटगीचं फिसकटलं. आता खोली माझ्यावर सोपव.

रविवारी सकाळी तो सायकलला पिशवी लटकवून आला. पिशवीत एक फाटका बनियन होता, रात्रीचं कालवण वाळलेल्या दोन वाट्या होत्या, सायकलची तेलकट चेन होती आणि कागदाच्या पुडीत विझलेल्या विड्या. रामहरी विडी ओढत नव्हता. तिप्पण्णा म्हणाला की थोडं व्यसन दिसलेलं बरं, नाहीतर लोकांना वाटतं माणूस काहीतरी लपवतोय.

पडदा आणि अभ्रा ट्रंकेत गेला. रांगोळी पायानं पुसली. रामहरीलाही पसारा करायला सांगितलं, तेव्हा त्यानं तीन सदरे जमिनीवर टाकले. ते तिन्ही एका रांगेत पडले. तिप्पण्णानं ते लाथेनं उडवले, कॅलेंडर तिरकं केलं, चेन फळीवरच्या महिरपीवर ठेवली आणि रामहरीला अंगणात उभं राहायला लावलं. आतून एकेक आवाज आला की रामहरी डोळे मिटून घेत होता.

अकराच्या सुमाराला मंडळी आली. दोघांऐवजी तिघं होती. मागे निळ्या पातळात स्वतः येसू. मुक्ताबाईनं आल्याआल्याच सांगून टाकलं, की जिला राहायचं तिनं बघितलेलं बरं, म्हणून आणलीय. असली रीत तिप्पण्णालाही ठाऊक नव्हती, पण त्यानं मान डोलावली.

मुक्ताबाई कॉटवर बसली, खोलीभर नजर फिरवली आणि तिचा चेहरा खुलला. तिप्पण्णा म्हणाला, काय करणार, एकटा माणूस. मुक्ताबाईनं दुजोरा दिला. आमची येसू आली की आठ दिवसांत खोली लख्ख करंल, म्हणाली. येसू वाटीत वाळलेल्या कालवणाकडे बघत होती. लख्ख हा शब्द ऐकून तिचा चेहरा वाटीसारखाच कोरडा झाला.

रामहरी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. हिंदुराव त्याला पगार विचारत होते, सुट्ट्या विचारत होते, आणि त्याची नजर त्यांच्या डोक्यावरून कॅलेंडरकडे जात होती. शेवटी तो उठला, कॅलेंडर सरळ केलं आणि परत बसला. थोड्या वेळानं पुन्हा उठून त्यानं दारातली एक विडी उचलली. मग दुसरी. तिप्पण्णा खोकला. तेवढ्यात खुंटीवरचा फाटका बनियन सुटून मुक्ताबाईच्या खांद्यावर पडला.

“हे माजं न्हाय,” रामहरी म्हणाला.

“बनियन?” हिंदुरावांनी विचारलं.

“सगळंच.”

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. होटगीची गोजाबाई, उशीचे टाके, ईरम्माची लक्ष्मी, तिप्पण्णाची पिशवी. सांगता सांगता तो लहानपणापर्यंत गेला, चुलीपर्यंत आणि धाकट्या भावंडांच्या वेण्या-टोप्यांपर्यंत गेला. हे तो आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगत होता, त्यामुळे कुठं थांबायचं ते त्याला उमगलं नाही. तिप्पण्णा सायकलला कुलूप लावलंय का ते बघायला बाहेर गेला, तो तिकडेच थांबला.

हिंदुरावांनी विचारलं, “म्हंजे आमी येणार म्हणून तुमी खोली घाण केली?”

“व्हय.”

मुक्ताबाईचा यावर विश्वास बसेना. बाप्या माणूस अभ्रे भरतो हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती तसं म्हणालीसुद्धा. तेव्हा येसू बोलली.

“मग परत नीट करा की. आमी बसतो.”

रामहरीनं सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. पुढचा पाऊण तास त्या खोलीत जे चाललं ते वळसंगची मंडळी पुढे कैक वर्षं सांगत राहिली. मुक्ताबाईला दुसरी जागा नसल्यामुळे ती कॉटवर पाय वर घेऊन बसली. हिंदुरावांच्या हाती बादली आली आणि मुलीचे वडील हौदावर दोन खेपा करून आले. रामहरीनं आढ्यापासून सुरुवात केली, वरून खाली, आतून दाराकडे. वाट्या घासल्या, फरशी पुसली, फळीवरचा डागाळलेला कागद काढून नव्या कागदाच्या घड्या घातल्या आणि कात्री चालवली. उलगडला तेव्हा सगळी महिरप एकसारखी होती. मुक्ताबाईनं तो कागद हातात घेऊन उजेडाला धरला. पडदा चढला, अभ्रा चढला. शेवटी दारात बसून त्यानं रांगोळी काढली आणि घाम पुसत उभा राहिला.

मुक्ताबाई म्हणाली, “आता मला चहा पायजे.”

तो स्टोव्ह पेटवायला वळला तेव्हा येसू म्हणाली की तिला एक सांगायचंय. “सैपाक येतो मला. पोरांना शिकवायला लई आवडतं. पण भांडी घासायचा कंटाळा हाय, आणि मी वस्तू जागच्या जागी ठेवत न्हाय. लगीन झाल्यावर कळण्यापरीस आत्ताच सांगते.”

मुक्ताबाईनं तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

रामहरीनं स्टोव्हला काडी लावली, वात खाली-वर केली. “भांडी मी घासतो,” तो म्हणाला. “वस्तूंचं मात्र...”

“त्ये आपण बघू,” येसू म्हणाली.

वैशाखात लग्न झालं. मांडवात बजाबाई एकेका बाईला धरून सांगत होती की रुखवतातला भरलेला टेबलक्लॉथ नवरीचा नाही, नवरदेवाचा आहे.

येसूला पेठेतल्याच एका बालवाडीत काम मिळालं. लग्नाला महिना झाला असेल. एका संध्याकाळी रामहरी कारखान्यातून आला तर खोलीभर रंगीत कागदाचे कपटे पडले होते आणि मधोमध खळीची वाटी घेऊन येसू बसली होती. निळसर भिंतीवर तिनं कागदाची पाखरं डकवली होती. काही लहान, काही मोठी, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. पोरांनी कापलेली होती. एकाला तर तीन पाय होते.

रामहरी पिशवी हातात धरूनच भिंतीसमोर उभा राहिला. त्यानं विचारलं, की ही एका रेघेत नसती का लावता आली.

“पाखरं रेघेत बसतात व्हय?”

“तारंवर बसतात.”

येसूनं क्षणभर विचार केला. “ही उडतायत,” ती म्हणाली.

 रामहरीनं पिशवी खुंटीला अडकवली, कपट्यांतून वाट काढत तिच्याजवळ बसला आणि पुढच्या पाखराला खळ लावून तिच्या हातात दिलं.