ढोलकी मंडळी शोधते

"साहेब, तुमच्या चर्चमध्ये पोरीनं ढोलकी वाजवल्याली चालती काय?"

उपासना सुटली होती, दारात ही गर्दी, आणि मोनाने पाळकसाहेबांना थेट हा प्रश्न टाकला. तिच्या आईने तर कपाळालाच हात लावला. पण प्रश्न काही मोनाला आपला आपण सुचला नव्हता. वर्गातल्या तेजस्वी आणि रूपालीने तिला डिवचलं होतं, "आमच्यासमोर लई बडबडतीस. पाळकांना विचारून दाखव, मग मानतो तुला!" आमची मोना दहावीत गेल्यापासून कुणालाच भीत नाही. तिने विचारून दाखवलं!

मित्रांनो, ती ढोलकी म्हणजे मी. मी एक जुनी, अंगावर चार ओरखडे असलेली, पण आवाजाला खणखणीत ढोलकी आहे. हातकणंगल्याच्या आकाराम मिस्त्रींनी मला आंब्याच्या खोडातून कोरलं, दोन्ही तोंडांवर कातडं चढवलं आणि दोरीत पितळी कड्या ओवल्या. कड्या सरकवल्या की कातडं ताणतं आणि माझा आवाज चढतो.

तिथून मी हुपरीच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत आले. पत्र्याची एक खोली, खाली सतरंज्या आणि चपला बाहेर. मला वाजवायच्या धोंडुबाई. आठवडाभर पैंजणांना घुंगरं जोडणारी त्यांची बोटं रविवारी माझ्यावर नाचायची. नाताळात आम्ही घरोघर गाणी म्हणत फिरायचो, तेव्हा शेजारपाजारची सगळ्या धर्मांची माणसं दारात येऊन टाळ्यांचा ठेका धरायची. "धोंडुबाईची ढोलकी आली!" असं पोरं ओरडली की मला काय वाटायचं म्हणून सांगू! मोनालाही ताल शिकवला तो त्यांनीच.

मग मोनाच्या पप्पांची कोल्हापुरात बदली झाली. निघताना धोंडुबाईंनी मला मोनाच्या हातात दिलं. म्हणाल्या, "माझी बोटं आता आखडली, पोरी. हिला मुकी ठिवू नगंस."

आणि झालं काय? मी गेले कपाटावर! आईच्या जुन्या साडीत गुंडाळलेली. सगळा पावसाळा तिथेच काढला. दमट हवेने माझं कातडं सैल पडलं आणि एका पालीने माझ्या शेजारीच संसार थाटला. खाली मात्र रोज एकच विषय चालायचा, नवी मंडळी कुठली निवडायची? पप्पांच्या मनात ते मोठं दगडी चर्च भरलं होतं. आई म्हणायची, "कुठलंबी चालंल, पण नाताळच्या आधी ठरवा. दर रविवारी आपण पावणंच ऱ्हायाचं व्हय?"

त्या मोठ्या चर्चमध्ये आई, पप्पा आणि मोना पहिल्यांदा गेले तेव्हा तिघांनी हुपरीच्या सवयीने पायरीवरच चपला काढल्या. आत बघतात तर सगळ्यांच्या पायांत बूट! "पावणं, घाला की चपला, फरशी गार हाय," एक काका म्हणाले. पप्पा लाजले. मोना मात्र फिदीफिदी हसत सुटली. मोनाने तो प्रश्न विचारला तोही तिथेच. पाळकसाहेब हसून म्हणाले, "चालतंय की बाळ! कापणीच्या सणाला आण. एरवी आपला ऑर्गन असतोच." आजूबाजूचे सगळे वा वा म्हणाले आणि आपापल्या गाड्यांकडे गेले. तिचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही. हे सगळं मोनाने घरी येऊन मला नकलांसकट सांगितलं. पप्पा खूश होते, पण मोनाचा चेहरा पडला होता. "वर्षातनं एकदाच?" असं पुटपुटत तिने मला खाली काढलं आणि साडी सोडली.

पुढच्या रविवारी गल्लीच्या टोकाला, एका घराच्या गच्चीवर भरणाऱ्या छोट्या मंडळीत जायचं ठरलं. "हे शेवटचं हं. मग मोठ्या चर्चमध्ये नाव घालायचं," पप्पांनी बजावलं. या वेळी मोनाने मला काखोटीला मारलं.

तिथे शालूबाई सगळ्यांकडून गाणी म्हणून घ्यायच्या. मोनाने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. "पोरगीनं? आधी वाजवून दाखव, मग बघू," त्या म्हणाल्या. मोनाने भराभर ठेका सुरू केला आणि माझ्या तोंडून आवाज आला 'भद्द भद्द'! लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शालूबाईंनी हातातली झांज खाली ठेवली. "थांब, थांब! ही ढोलकी हाय का पिठाचा डबा? हिला ऊन दाखवलं न्हाईस व्हय? आणि तू पळतीस कुठं एवढी? गाणं काय एसटी हाय सुटायला?"

सगळी गच्ची हसली. मोनाचे कान लालबुंद झाले. पण शालूबाईंनी मला उचललं आणि कठड्यावर उन्हात ठेवलं. प्रवचनभर त्या मला मधूनमधून फिरवत होत्या. शेवटी एकेक कडी सरकवली, टिचकी मारून कान लावला आणि म्हणाल्या, "आता वाजव. माझ्या हाताकडं बघ."

आणि मी बोलले हो! अशी बोलले की खालच्या रस्त्यावरचा भाजीवालासुद्धा वर बघायला लागला. पप्पांचा पायसुद्धा ठेका धरत होता, मी स्वतः पाहिलं.

"नाव काय तुझं?" शालूबाईंनी विचारलं. "मोना? शनिवारी चारला सरावाला यायचं. न्हाई आलीस तर घरला येऊन कान धरून आणीन."

मित्रांनो, एक सांगू? कपाटावर गुंडाळून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. वाद्याला ऊन लागतं, हात लागतो, आणि सूर उतरला तर ते ओळखणारा कानही लागतो. तुमच्या घरात कुणी असं गुंडाळून पडलं असेल, तर आजच खाली काढा. आम्ही आपण होऊन हाक मारू शकत नाही.

जिना उतरताना पप्पा म्हणाले, "बाई जरा फटकळच हाय. एवढ्या लोकांत पोरीला बोलली. आता मोठ्या चर्चमध्येच नाव घालूया."

मोना पायरीवर थांबली. मला तिने पोटाशी घट्ट धरलं होतं.

"आई, पप्पा, माझं ठरलं. तिकडं सगळी मला छान म्हणाली आणि निघून गेली. हितं मला बोलणी बसली, आणि शनिवारी बोलवलंय. मी ह्याच मंडळीत येणार. आता तुमचं तुम्ही सांगा, येताय काय माझ्यासंगं?"